कोळशाची शेगडी: घेताना काय बघायचं, पेटवायची कशी

गच्चीवर पहिल्यांदा कोळसा पेटवला तेव्हा घरात नऊ माणसं होती, मसाला लावून ठेवलेलं दोन किलो चिकन होतं, ऑनलाइन मागवलेली घडीची शेगडी होती आणि गावाहून आलेलं अर्धी बाटली रॉकेल होतं. साडेसातला पेटवायला घेतलं. रॉकेल ओतलं की भडका उडायचा, दोन मिनिटांत बसायचा आणि खाली कोळसा जसाच्या तसा काळा. मग पुन्हा रॉकेल. सव्वानऊला पहिला तुकडा जाळीवर गेला. तो खाऊन सासूबाई म्हणाल्या, "स्टोव्हच्या दिवसांची आठवण झाली गं." ते कौतुक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्या काकांकडे कपडे आणायला गेले. ते दिवसाचा पहिला विस्तव करत होते. तेलाचा जुना डबा, बुडाशी चारी बाजूंनी खिळ्याने पाडलेली भोकं, तळाला मूठभर नारळाचं सोडण आणि वर कोळसा. काडी लावली ती खालच्या भोकातून. मग डबा तसाच ठेवून ते माझ्या साड्या मोजायला लागले. मी रात्रीची कथा सांगितल्यावर हसले. "ताई, वरून ओतून काय होतंय? त्याला खालून वाट द्या, वर तो आपला आपण चढतो." साड्या, शर्ट आणि हिशेब होईस्तोवर डब्याच्या तोंडाशी लाल धग दिसायला लागली होती. चिमट्याने एकेक निखारा उचलून त्यांनी इस्त्रीत भरला.

त्यानंतर मी तीन शेगड्या बदलल्या. कुठली घ्यायची आणि कशी पेटवायची, दोन्ही वेळा विचार त्याच डब्यापाशी येऊन थांबला: हवा आत कुठून येते आणि बाहेर कुठून जाते.

आधी ठरवा, भाजायचं काय

बहुतेक लोक दुकानात जाऊन शेगडी बघतात आणि मग तिच्यावर काय करता येईल ते शोधतात. उलटं करा. आपल्याकडे गच्चीवर किंवा फार्महाउसवर जे होतं त्याचे साधारण तीन प्रकार पडतात.

पहिला सळईवरचा: सीख कबाब, पनीर टिक्का, चिकनचे बिनहाडाचे तुकडे. याला झाकण लागत नाही, जाळीही लागत नाही. मुंबईत रमजानमध्ये मोहम्मद अली रोडवर कबाबवाल्यांची शेगडी नीट बघा. लांबट, अरुंद, उथळ पेटी. सळईची दोन टोकं दोन्ही काठांवर टेकतात आणि मांस थेट निखाऱ्यांवर अधांतरी राहतं. जाळीला चिकटायचा प्रश्नच नाही. यासाठी पेटीची रुंदी सळईपेक्षा कमी हवी. ऐकायला बाळबोध वाटेल, पण मी स्वतः ४५ सेंटिमीटर रुंदीच्या शेगडीसाठी ४० सेंटिमीटरच्या सळया घेऊन आले आहे. सळई चपटी किंवा चौकोनी घ्या. गोल सळईवर पनीर आणि खिमा नुसता गरगर फिरतो, कच्ची बाजू आपली खालीच येत नाही.

दुसरा प्रकार जाळीवरचा: कणीस, बांगडा, पापलेट, चिकनच्या तंगड्या, मशरूम. याला रुंद जाळी हवी, आणि निखारे व जाळी यांत १० ते १५ सेंटिमीटर अंतर. त्याहून कमी असेल तर वरून करपतं आणि आत कच्चं राहतं.

तिसरा प्रकार सावकाशीचा. अख्खी कोंबडी, मटणाची रान. याला झाकणाशिवाय गत्यंतर नाही. झाकणाखाली हवा फिरते आणि शेगडी भट्टीसारखी वागते.

घरी पहिलाच प्रकार होणार असेल तर झाकणवाल्या महागड्या ग्रिलवर पैसे घालू नका. जवळच्या फॅब्रिकेटरकडून पेटी करून घ्या.

बाजारात मिळतं ते

घडीची किंवा ब्रीफकेससारखी मिटणारी शेगडी सगळ्यात स्वस्त. पत्रा इतका पातळ असतो की दोन-तीन वेळा तापला की वाकतो, मग झाकण बसत नाही आणि पाय डुगडुगतात. सहलीला वर्षातून एकदा न्यायची असेल तर ठीक. आमची पहिली हीच होती. आता तिच्यात पुदिना लावला आहे.

२०० लिटरचं पिंप उभं चिरून केलेली शेगडी फार्महाउसला उत्तम. नऊ-दहा माणसांचं एकाच वेळी भागतं. पण पिंपात आधी काय होतं ते विचारा. रसायनाचं, रंगाचं पिंप नको. खाद्यतेलाचं असलं तरी आतला मुलामा आणि बाहेरचा रंग मोकळ्या जागेत लाकडं पेटवून पुरता जाळून काढायचा, मग घासायचं. आणि जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा किंवा जाळी निखाऱ्यांच्या जवळपास कुठेही वापरू नका, खूप तापला की त्याचा धूर छातीला बाधतो. कुंपणाची चकचकीत जाळी कापून वर ठेवण्याचा मोह अनेकांना होतो, म्हणून मुद्दाम सांगतेय.

तिसरी गोल, झाकणाची, किटलीसारखी. ही १९५२ सालची कल्पना. शिकागोजवळ वेबर ब्रदर्स मेटल वर्क्समध्ये समुद्रात तरंगणारे धातूचे बोये बनत. तिथे काम करणाऱ्या जॉर्ज स्टीफनला उघड्या शेगडीवरच्या वाऱ्याचा आणि राखेचा वैताग होता. त्याने बोया मधोमध कापला, खालच्या अर्ध्याला पाय लावले आणि वरच्या अर्ध्याचं झाकण केलं. आज जगभर दिसणाऱ्या किटली ग्रिलची बांधणी अजून तीच आहे: खाली झडप, वर झडप, मध्ये विस्तव. घरातल्या सहा-आठ माणसांसाठी ५७ सेंटिमीटर व्यासाची किटली पुरते. चौघांचं घर असेल तर ४५ सेंटिमीटरची. एकच शेगडी घ्यायची असेल आणि तिच्यावर तिन्ही प्रकार करायचे असतील, तर माझं मत किटलीला.

चौथा कमाडो. जाड मातीच्या, सिरॅमिकच्या भिंतींचा अंड्यासारखा रांजण. जपानीत कमाडो म्हणजे चूल. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी सैनिक तो घरी घेऊन गेले आणि तिथे त्याची लाट आली. भिंती उष्णता धरून ठेवतात, त्यामुळे मूठभर कोळशावर तासन् तास चालतो. पण मोठा कमाडो सहज ६०-७० किलोंचा असतो, आपटला तर तडकतो, आणि एकदा जास्त तापला की लवकर उतरत नाही. तंदूर वापरलेल्या माणसाला तो चटकन कळतो. बाकीच्यांनी आधी किटलीवर हात बसवावा.

दुकानात हात लावून बघायच्या गोष्टी

चित्र बघून घेऊ नका, शेगडी हलवून बघा. पाय डुगडुगत असतील तर तिथेच सोडा. पेटती शेगडी कलंडणं म्हणजे काय ते डोळ्यांसमोर आणा, विशेषतः घरात लहान मुलं किंवा कुत्रं असेल तर.

फॅब्रिकेटरकडून करवणार असाल तर दीड ते दोन मिलिमीटर जाडीचा साधा लोखंडी पत्रा सांगा. चकचकीत स्टीलचा आग्रह नको. कोळशापाशी ते आठवड्याभरात निळं-तपकिरी होतं. पैसे घालायचेच असतील तर जाळीत घाला. स्टीलची जाळी ३०४ प्रतीची आहे म्हणून सांगितलं तर खिशातून लोहचुंबक काढा. ३०४ ला ते जवळजवळ चिकटत नाही. क्रोमचा मुलामा असलेली जाळी दोन पावसाळ्यांत पोपडे धरते. बिडाची जाळी डाग सुंदर देते, पण प्रत्येक वेळी पुसून तेलाचा हात फिरवावा लागतो. बिडाचा तवा सांभाळता येत असेल तर तीही जमेल.

मग झडपा. खालची झडप पूर्ण उघडते का, पूर्ण मिटते का, मिटल्यावर फट राहते का? झाकण लावून आत मोबाइलचा टॉर्च ठेवा आणि कडेने उजेड किती फुटतो ते बघा. बारीक रेघ चालते. बोट जाईल एवढी फट असेल तर आच आपल्या हातात राहणार नाही आणि भाजून झाल्यावर शेगडी विझवताही येणार नाही. झडप नसलेली पेटी करवत असाल तर बुडापासून एक इंचावर लांबीच्या दोन्ही बाजूंना भोकं पाडून घ्या. बुडालाच पाडली तर राखेने बुजतात.

राखेचं भांडं निघतं का, मूठ लाकडाची आहे का, हे पाहून घ्या आणि बाहेर पडा. बाजूचं फळकुट, हूक, झाकणातला तापमापक यांवर घासाघीस करत बसू नका. तो तापमापक झाकणाजवळची हवा मोजतो, तुमची कोंबडी मोजत नाही. चांगला, टोचून बघायचा तापमापक वेगळा घ्या. कोंबडीच्या सगळ्यात जाड भागात, हाडाला न टेकता ७४ अंश सेल्सिअस दिसले की झालं.

कोळसा

वखारीत जा. किराणा दुकानातल्या पिशवीत बहुतेक चुराच निघतो. लाकडी कोळसा मागा आणि दगडी कोळसा चुकूनही आणू नका, त्याच्या गंधकाच्या वासावर अन्न शिजवायचं नसतं.

दोन तुकडे एकमेकांवर आपटा. खणखणीत, काचेसारखा आवाज आला तर कोळसा नीट झालेला आहे. बद्द आवाज आला, किंवा मोडल्यावर आत तपकिरी लाकूड दिसलं, तर तो अर्धवट जळालेला. तो डोळ्यांतून पाणी काढणार. बाभळीसारख्या जड लाकडाचा कोळसा हाताला वजनदार लागतो आणि जास्त वेळ धग धरतो. अंड्याएवढे ते मुठीएवढे तुकडे वेगळे काढा. चुरा तळाला बसून हवेची वाट अडवतो, तो झाडांच्या कुंडीला द्या.

करवंटीच्या कोळशाच्या दाबून केलेल्या वड्या आता सहज मिळतात. आकार सारखा, जळणं एकसारखं, ठिणग्या कमी. पण पेटायला जास्त वेळ घेतात. अशा वड्या घराघरांत नेण्यात हेन्री फोर्डचा वाटा मोठा. मोटारींच्या कारखान्यात उरलेल्या लाकडाचा कोळसा करून १९२० च्या दशकात त्याच्या कंपनीने वड्या पाडल्या आणि मोटारींच्याच विक्रेत्यांमार्फत विकल्या. सळईवरच्या कबाबाला मी लाकडी कोळसा घेते, झाकणाखालच्या कोंबडीला वड्या.

एक धोक्याची सूचना. हुक्क्यासाठी किंवा धुपासाठी मिळणाऱ्या, काडी लावताच फुरफुरत पेटणाऱ्या चकत्यांत पेटवणारं रसायन मिसळलेलं असतं. त्यांवर खायचं काही भाजू नका.

पावसाळ्यात कोळसा ओल धरतो. ओला कोळसा पेटतो, पण फटाक्यासारखा तडतडतो आणि निखारे अंगावर उडतात. झाकणाच्या डब्यात ठेवा, आदल्या दिवशी ऊन दाखवा. किती लागतो? चार माणसांच्या कबाबांना माझा अंदाज एक किलोचा.

पेटवणं

माझी पहिली पसंती चिमणी स्टार्टरला, म्हणजे इस्त्रीवाल्या काकांच्या डब्याच्या शहरी अवताराला. दोन्ही बाजूंनी उघडा पत्र्याचा नळा, खालच्या तिसऱ्या हिश्शात एक जाळी, बाजूला मूठ. विकत मिळतो, घरीही होतो. मी केला तो असा: पाच किलोचा तेलाचा रिकामा डबा घेतला, वरचं तोंड पूर्ण कापलं. बुडापासून दोन बोटं वर, चारी बाजूंना बोट जाईल अशी बारा-चौदा भोकं पाडली. भोकांच्या ओळीच्या थोडं वर आरपार तीन लोखंडी सळया घातल्या आणि त्यांवर जाड तारेची बिनमुलाम्याची जाळी टेकवली. पहिल्यांदा त्यात नुसते कागद आणि काटक्या जाळून छपाईचा रंग उडवला. मूठ करता आली नाही म्हणून मोठी पक्कड आणि चामडी हातमोजे वापरते. हे हातमोजे वेल्डिंगवाल्यांच्या दुकानात मिळतात आणि स्वयंपाकघरातल्या कापडी मोज्यांपेक्षा शंभरपट बरे.

आता क्रम. शेगडीची खालची झडप पूर्ण उघडा. चिमणी शेगडीच्या कोळशाच्या जाळीवरच ठेवा, गच्चीच्या फरशीवर नको. फरशी तडकते आणि खालचं वॉटरप्रूफिंगही जातं. शेगडीखालीसुद्धा चार विटा किंवा जाड कडाप्पा हवा. चिमणीच्या जाळीखाली वर्तमानपत्राचे दोन कागद सैलसर चुरगाळून घाला. घट्ट बोळा केला तर त्यातून हवा जात नाही, तो नुसता धुमसतो. कागदाच्या एका टोकाला तळणाचं उरलेलं तेल चमचाभर लावलं तर तो वातीसारखा सावकाश जळतो, कोळशाला धरायला वेळ मिळतो. वर कोळसा भरा, मोठे तुकडे आणि मध्ये पोकळ्या. खालच्या भोकांतून दोन-तीन ठिकाणी काडी लावा.

पुढची पाच मिनिटं भरपूर पांढरा धूर येतो. इथेच नवखा माणूस घाबरून फुंकायला, हलवायला लागतो. हात लावू नका. धूर विरळ होतो, मग चिमणीच्या तोंडावरची हवा थरथरताना दिसते, मग खालचे तुकडे लाल. वरच्या थराच्या कडांवर राखाडी साय धरली की चिमणी तयार. लाकडी कोळशाला १५ मिनिटं, वड्यांना २० ते २५. हातमोजे घालून, वाऱ्याकडे पाठ करून, निखारे हळूच ओता. त्या वेळी आसपास मुलं नकोत आणि अंगावर सिंथेटिक ओढणी तर नकोच.

चिमणी नसेल तर काकडा करा. सुती चिंधी पिळून तेलात बुडवा, शेगडीच्या मधोमध उभी ठेवा आणि भोवती कोळशाचा डोंगर रचा, शिखर उघडं ठेवून. नारळाचं सोडण, करवंटीचे तुकडे, गोवरीचा कुटका यांतलं काहीही तळाला चालतं. कापराच्या चार-पाच वड्याही चालतात; भडका लवकर येतो, काजळी जास्त धरते, पण कोळसा राखाडी होईपर्यंत त्याचा वास उडून गेलेला असतो. डोंगराला २५-३० मिनिटं द्या. मध्येच विंझणा घ्यायचा तर खालच्या भोकांशी हलवा. कणीसवाल्या मावशींचा पंखा बघा, तो नेहमी शेगडीच्या पोटाशी चालतो. हेअर ड्रायरने काम होतं, पण राख सगळ्यांच्या डोक्यावर जाते आणि वायर निखाऱ्याजवळ राहते. मला तो उद्योग आवडत नाही.

दोन-चारच निखारे हवे असतील, समजा डाळीला धुंगार द्यायला किंवा डोंगर पेटवायला, तर गॅसवर पापडाची जाळी ठेवून त्यावर कोळसा लाल करा. ठिणग्या उडतात, शेजारून तेलाची बरणी हलवा.

रॉकेलचं माझं झालं ते सांगितलंच. पेट्रोल आणि थिनर यांची वाफ काडी जवळ यायच्या आतच पेट घेऊ शकते. सॅनिटायझर त्याहून फसवा: त्याची ज्योत उजेडात जवळजवळ दिसत नाही, विझलं समजून माणूस बाटली पुन्हा उलटी करतो आणि आग धारेवरून हातापर्यंत चढते. पेटत्या किंवा धुमसत्या कोळशावर कुठलाच द्रव ओतायचा नाही, एवढं पाळलं तरी बहुतेक अपघात टळतात.

निखारे पसरताना

सगळीकडे सारखे पसरू नका. दोन तृतीयांश भागात दाट थर आणि एक तृतीयांश भाग रिकामा. मसाल्यातलं तेल, चरबी गळून जाळ उठला की तुकडे रिकाम्या बाजूला सरकवायचे. पाणी शिंपडलं तर राख उडून अन्नावर बसते. किटली असेल तर झाकण लावा, जाळ आपोआप बसतो.

आच हाताने मोजा. तळहात जाळीच्या वर १०-१२ सेंटिमीटरवर धरा आणि आकडे म्हणा. दोन-तीनवर हात काढावा लागला तर प्रखर आच, कबाब आणि पनीरची. चार-पाच म्हणजे मध्यम, कणीस आणि माशाची. सात-आठ म्हणजे मंद, तंगड्या सावकाश शिजवायची. वाढवायची तर खालची झडप उघडा, उतरवायची तर अर्धी मिटा आणि पाच मिनिटं थांबा. वरची झडप भाजताना उघडीच ठेवते मी. धूर कोंडला की अन्न कडवट होतं.

जाळी पाच-दहा मिनिटं तापू द्या. अर्धा कांदा काट्याला टोचून, तेलात बुडवून जाळीवर घासा. बांगडा ठेवला की तो स्वतःहून सुटेपर्यंत उलथू नका. सुटत नाही म्हणजे अजून झालेला नाही. पापलेटला मात्र मी सरळ दोन फळ्यांची मिटणारी जाळी वापरते.

हे सगळं उघड्यावर. बंद खोलीत, काच लावलेल्या बाल्कनीत किंवा पाऊस आला म्हणून गॅरेजमध्ये शेगडी नेऊ नका. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. थंडीत खोलीत शेगडी ठेवून झोपलेली माणसं त्यानेच दगावतात. धूर थांबल्यावरही तो वायू निघतच असतो. सोसायटीत गच्चीची परवानगी आधी काढा. अमेरिकेत राहणाऱ्यांनी भाडेकरार वाचावा: अपार्टमेंटच्या लाकडी बाल्कनीत आणि इमारतीपासून १० फुटांच्या आत कोळशाच्या ग्रिलला अनेक ठिकाणी मनाई असते.

जेवण झाल्यावर

माणसं जेवायला बसली की उरलेल्या धगीवर दोन वांगी आणि चार रताळी टाका. वांग्याला भोकं पाडून, नाहीतर फुटतं. अर्ध्या तासात सकाळच्या भरिताची सोय होते.

मग दोन्ही झडपा पूर्ण मिटा, झाकण लावा. हवा तुटली की विस्तव गुदमरतो, उरलेला कोळसा शाबूत राहतो. उघडी पेटी असेल तर निखारे झाकणाच्या लोखंडी डब्यात भरा. तापलेल्या शेगडीत पाणी ओतलं तर वाफ आणि राख एकदम तोंडावर येते, पत्राही वाकतो. जवळ बादली ठेवायची ती वाळूची. राख दुसऱ्या दिवशीही लगेच कचऱ्याच्या पिशवीत नको. आत एखादा जिवंत निखारा असतोच. मी ती दोन दिवस पत्र्याच्या डब्यात ठेवते.

शेगडीत उरलेले अर्धे जळालेले तुकडे झटकून ठेवा. पुढच्या वेळी चिमणीत ते तळाला, नवा कोळसा वर.